रक्त मागणाऱ्यांचे उत्तरदायित्व

विज्ञान सत्याच्या शोधात असते, हे वचन शाळेपासून प्रत्येकाच्या कानावर पडत आलेले आहे. पण ते सत्य कोणाच्या शरीरात शोधले जाते, त्यासाठी रक्त कोण देतो आणि त्या शोधाचे फळ अखेर कोणाच्या पदरात पडते, हे प्रश्न त्या वचनाआड दडून राहतात. अमेरिकेतील कृष्णवर्णीय कुटुंबांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या आढळणाऱ्या प्रोस्टेट कर्करोगाच्या आनुवंशिक संशोधनाचा गेल्या पाव शतकाचा इतिहास पाहिला, की हे तिन्ही प्रश्न एकदमच पुढे उभे राहतात. हा इतिहास केवळ वैद्यकाचा नाही. ज्या समाजाशी एखादे राष्ट्र पिढ्यान्‌पिढ्या अन्यायाने वागले, त्याच समाजापुढे त्या राष्ट्राला ज्ञानासाठी हात पसरावा लागतो, तेव्हा काय घडते, याचाही तो इतिहास आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहणे इष्ट. पुरुषांच्या मूत्राशयाखाली, मूत्रमार्गाला वेढून असलेली अक्रोडाएवढी ग्रंथी म्हणजे प्रोस्टेट किंवा पुरःस्थ ग्रंथी. उतारवयात या ग्रंथीचा कर्करोग होण्याचे प्रमाण जगभर मोठे आहे. तरी त्याचा भार सर्वांवर सारखा नाही. अमेरिकेत सरासरी आठ पुरुषांमागे एकाला आयुष्यात केव्हातरी या रोगाचे निदान होते. कृष्णवर्णीय अमेरिकनांमध्ये हेच प्रमाण सहा पुरुषांमागे एक असे आहे. या रोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण तर त्यांच्यात गोऱ्या पुरुषांच्या सुमारे दुप्पट आहे, आणि रोग गाठतो तोही तुलनेने लवकरच्या वयात. एकाच देशात, एकाच काळात राहणाऱ्या दोन समाजांत एवढे अंतर का पडावे? या प्रश्नाची दोन उत्तरे दिली जातात. एक पक्ष म्हणतो, कारण रक्तात आहे. दुसरा म्हणतो, कारण दवाखान्याच्या दारात, वस्तीच्या गरिबीत आणि विम्याच्या कागदात आहे. दोन्ही पक्षांपाशी पुरावा आहे, आणि म्हणूनच हा वाद घोषणांनी मिटणारा नाही.

आनुवंशिकतेचा पुरावा नाकारता येण्याजोगा नाही. ज्याच्या वडिलांना किंवा सख्ख्या भावाला हा रोग झाला, त्याचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट असतो. डेन्मार्क, फिनलंड, नॉर्वे व स्वीडन या चार देशांतील दोन लाखांहून अधिक जुळ्या भावंडांच्या नोंदींवर आधारलेला मोठा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. प्रोस्टेट कर्करोगाच्या धोक्यात माणसामाणसांत जो फरक पडतो, त्यातील सुमारे ५७ टक्के वाटा आनुवंशिकतेचा असावा, असा त्याचा निष्कर्ष होता. मोजक्याच कर्करोगांत वारशाचा वाटा एवढा मोठा आढळतो. पण या आकड्यातच त्याची मर्यादाही आहे. तो उत्तर युरोपातील लोकांचा आकडा आहे. ज्या समाजावर रोगाचा सर्वांत अवजड घाव पडतो, त्या समाजाविषयी तो काही सांगत नाही. १९९६ साली पहिल्या गुणसूत्रावर या कर्करोगाशी संबंधित असे एक स्थान असल्याचे अमेरिकी व स्वीडिश संशोधकांनी जाहीर केले, तेव्हा त्या शोधाचा मोठा गाजावाजा झाला. त्या अभ्यासातील कुटुंबे होती ९१, आणि त्यांतील कृष्णवर्णीय कुटुंबे मात्र बोटांवर मोजण्याइतकी. रोगी एकीकडे आणि संशोधन दुसरीकडे, असा हा प्रकार होता. ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ ही म्हण याहून चपखल कोठे लागू पडावी?

ही विसंगती दूर करण्यासाठी १९९० च्या दशकाच्या अखेरीस कृष्णवर्णीय अमेरिकनांतील आनुवंशिक प्रोस्टेट कर्करोगाच्या अभ्यासाची एक स्वतंत्र योजना आखण्यात आली. वॉशिंग्टन येथील हॉवर्ड विद्यापीठ आणि अमेरिकी सरकारची राष्ट्रीय मानवी जनुकसंच संशोधन संस्था यांनी ती मिळून हाती घेतली. हॉवर्ड विद्यापीठाची स्थापना १८६७ सालची, म्हणजे यादवी युद्ध संपून दोनच वर्षे झाली असतानाची. नुकत्याच मुक्त झालेल्या समाजाच्या उच्च शिक्षणाचे ते पीठ. योजनेच्या उभारणीत तेथील जॉर्जिया डन्स्टन यांच्यासारख्या कृष्णवर्णीय शास्त्रज्ञांचा पुढाकार होता आणि शिकागो, डेट्रॉइट, ह्यूस्टन, अटलांटा, न्यूयॉर्क अशा शहरांत त्याच समाजातील डॉक्टरांकडे केंद्रांची धुरा सोपविण्यात आली. उद्दिष्ट होते १०० कुटुंबे गोळा करण्याचे. आणि कुटुंबही असे की, ज्यात किमान चार पुरुषांना हा रोग झालेला आहे.

हे उद्दिष्ट कागदावर माफक दिसते. प्रत्यक्षात ते अतिशय कठीण ठरले. अशा संशोधनाचे मुख्य साधन सूक्ष्मदर्शक किंवा संगणक नव्हे. ते साधन म्हणजे वंशावळ. आजोबा कशाने गेले, चुलत्याला कोणते दुखणे होते, भावाचे निदान कोणत्या वयात झाले, हे ठाऊक असेल तरच गुणसूत्रांच्या कोणत्या तुकड्याचा प्रवास रोगाबरोबर होतो, हे ताडून पाहता येते. आणि वंशावळ हीच तर गुलामगिरीने या समाजाकडून हिरावून घेतलेली वस्तू! नवरा एका मळ्यावर, बायको दुसऱ्या मळ्यावर आणि मुले लिलावात तिसऱ्याच मालकाकडे, ही त्या काळची रीत होती. अमेरिकेच्या जनगणनेत बहुसंख्य कृष्णवर्णीयांची नावानिशी नोंद झाली ती प्रथम १८७० साली. त्याआधीच्या मोजणीत गुलामांची नोंद मालकाच्या नावाखाली वय, लिंग आणि वर्ण एवढ्यावरच भागविली जात असे. पुढे विसाव्या शतकात दक्षिणेतील जाच आणि दारिद्र्य यांना कंटाळून सुमारे ६० लाख लोक उत्तरेच्या व पश्चिमेच्या शहरांकडे निघून गेले. एक भाऊ अलाबामात राहिला, दुसरा डेट्रॉइटच्या मोटारींच्या कारखान्यात गेला, तिसरा शिकागोत स्थिरावला, अशी कुटुंबे विखुरली. एवढ्या विखुरलेल्या कुटुंबातील चार रोगी पुरुष शोधून काढायचे, आणि रोग जीवघेणा असल्यामुळे त्यांतील पुरेसे जण रक्त देण्यासाठी हयात असावे लागणार, म्हणजे इतिहासाने जे मोडून ठेवले ते प्रयोगशाळेने जोडावे, अशी ही अपेक्षा होती.

याहून मोठा अडसर अविश्वासाचा होता, आणि त्याचे कारण सर्वश्रुत आहे. अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे १९३२ पासून अमेरिकी सरकारच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने उपदंश या रोगाचा एक ‘अभ्यास’ चालविला होता. सुमारे ६०० गरीब कृष्णवर्णीय शेतमजूर व कुळे त्यात ओढली गेली. त्यांतील ३९९ जणांना आधीच रोग झालेला होता. त्यांना रोगाचे खरे नाव सांगण्यात आले नाही. तुमचे रक्त बिघडले आहे, एवढेच सांगण्यात आले. जेवण, फुकट तपासणी आणि अंत्यविधीचा खर्च यांचे आमिष दाखविण्यात आले. पेनिसिलिन हे हुकमी औषध १९४७ च्या सुमारास सर्वमान्य झाल्यानंतरही ते त्यांना देण्यात आले नाही. कारण उपचार केला असता तर रोगाचा क्रम अखेरपर्यंत पाहता आला नसता. वृत्तपत्रांनी १९७२ च्या जुलैमध्ये या प्रकाराला वाचा फोडली तेव्हा तो बंद झाला. म्हणजे हे पाप ४० वर्षे चालले होते, आणि तेही कोणा माथेफिरूच्या हातून नव्हे, तर पगारी, पदवीधर आणि प्रतिष्ठित डॉक्टरांच्या हातून. अध्यक्ष क्लिंटन यांनी राष्ट्राच्या वतीने क्षमा मागितली ती १९९७ च्या मे महिन्यात. म्हणजे ज्या सुमारास एक सरकारी यंत्रणा क्षमायाचना करीत होती, त्याच सुमारास दुसरी सरकारी यंत्रणा त्याच समाजाकडे रक्ताचे नमुने मागण्याची तयारी करीत होती. दुधाने ज्याचे तोंड पोळले, त्याने ताक फुंकून प्यायले तर त्याला अडाणी कसे म्हणावे?

आनुवंशिकतेच्या शास्त्राविषयीही या समाजाचा अनुभव निर्मळ नव्हता. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक विकाराच्या तपासणीची मोहीम अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या आरंभी मोठ्या उत्साहाने सुरू झाली. १९७२ साली त्यासाठी राष्ट्रीय कायदाही झाला. हेतू चांगला होता. पण रोगी आणि केवळ वाहक यांतील फरक अनेक ठिकाणी कायदे करणाऱ्यांनाच उमगला नव्हता. काही राज्यांनी तपासणी सक्तीची केली, निरोगी वाहकांवर आजारीपणाचा शिक्का बसला, काहींना नोकरी व विमा मिळण्यात अडथळे आले. अमेरिकी हवाई दलाच्या अकादमीने तर १९८१ पर्यंत अशा वाहकांना प्रवेश नाकारला होता. रक्ताच्या एका थेंबातून मिळालेली माहिती माणसाच्या भल्यासाठीच वापरली जाईल असे नाही, हा धडा या समाजाने ऐकीव गोष्टींवरून घेतलेला नाही. तो त्याने भोगून घेतलेला आहे.

या पार्श्वभूमीवर त्या योजनेकडे पाहिले पाहिजे. हॉवर्ड विद्यापीठाने आणि त्याच्या सहकारी केंद्रांनी समाजातीलच डॉक्टरांवर भिस्त ठेवली, हे शहाणपणाचे होते. तरीही १०० कुटुंबांचा आकडा गाठणे सोपे गेले नाही. २००७ साली जेव्हा संपूर्ण जनुकसंचाच्या छाननीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा ते ७७ कुटुंबांवर आधारलेले होते. अकराव्या, सतराव्या व एक्स गुणसूत्रावर काही खुणा दिसल्या. पण बोट ठेवून ‘हेच ते जनुक’ असे म्हणता येईल, एवढी ठाम खूण एकही नव्हती. मग हा खटाटोप वाया गेला काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. प्रोस्टेट कर्करोगाचा वारसा एखाद्याच जनुकाच्या हाती नसून शेकडो लहान लहान बदलांत विखुरलेला आहे, हे आता निर्विवाद झाले आहे. तेव्हा थोड्या कुटुंबांत एकच मोठे कारण सापडावे, ही त्या काळच्या सर्वच संशोधकांची अपेक्षा निसर्गाने फोल ठरविली. त्या योजनेचे टिकाऊ फळ वेगळे आहे. कृष्णवर्णीय कुटुंबे संशोधनात येतच नाहीत, हे जे सोयीचे तुणतुणे वाजविले जात असे, ते तिने खोटे पाडले. विचारणारा कोण, विचारतो कसा आणि पुन्हा तोंड दाखवितो की नाही, यावर होकार अवलंबून असतो, हे तिने दाखवून दिले.

येथे एक सावधगिरीचा इशारा देणे मात्र अवश्य आहे. समाजातीलच माणूस पुढे केला की विश्वास आपोआप मिळतो आणि जबाबदारी संपते, असा समज करून घेणे घातक आहे. टस्कीगीच्या प्रकरणातही गावोगावच्या रोग्यांशी वर्षानुवर्षे संबंध ठेवणारी परिचारिका युनिस रिव्हर्स ही कृष्णवर्णीयच होती, आणि ज्या संस्थेचे नाव त्या प्रयोगाला चिकटले तीही कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठीच उभी राहिली होती. चेहरा आपल्यातला आणि निर्णय परक्याचा, अशी विभागणी असेल तर फसवणूक अधिकच सुलभ होते. तेव्हा प्रश्न कातडीच्या रंगाचा नसून अधिकाराचा आहे. प्रयोगाची आखणी कोण करतो, तो थांबविण्याची मुभा कोणाला आहे आणि जाब कोणाला द्यावा लागतो, ही खरी कसोटी होय.

पुढील संशोधनाने जी दिशा घेतली, ती आशादायक आहे. २००६ साली मॅथ्यू फ्रीडमन, क्रिस्टोफर हेमन, डेव्हिड राइक प्रभृतींनी एक वेगळीच युक्ती योजली. कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या रक्तात सरासरीने सुमारे चार-पंचमांश वारसा आफ्रिकी व उरलेला बहुतांश युरोपीय असतो. हे मिश्रण म्हणजे बव्हंशी गुलामगिरीच्या काळातील अत्याचारांचीच साक्ष. संशोधकांनी असा तर्क केला की, रोग्यांच्या गुणसूत्रांत एखाद्या विशिष्ट ठिकाणी आफ्रिकी वारशाचे प्रमाण अपेक्षेपेक्षा अधिक आढळले, तर धोक्याचे कारण तेथे असले पाहिजे. असे ठिकाण आठव्या गुणसूत्राच्या लांब बाहूवर सापडले. आइसलँडमधील संशोधकांनीही त्याच वर्षी त्याच भागाकडे बोट दाखविले होते. पुढे याच भागात आफ्रिकी वंशाच्या लोकांतच आढळणारा आणि धोका सुमारे दुप्पट करणारा एक बदलही सापडला. २०१२ साली होक्सबी-१३ या जनुकातील एक दोष उघडकीस आला, पण तो प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या कुटुंबांतील होता. त्याच जनुकातील आफ्रिकी वंशाच्या पुरुषांत आढळणारा निराळा दोष नजरेस यायला २०२० साल उजाडावे लागले. दोन शोधांमधील ही आठ वर्षे निसर्गाने लावलेली नाहीत. कोणाचे रक्त आधी तपासले गेले, याचाच तो परिणाम आहे.

अभ्यासांचा आवाकाही आता वाढला आहे. अमेरिकेत २०१८ साली सुरू झालेल्या ‘रिस्पॉन्ड’ या योजनेने १०,००० कृष्णवर्णीय रोग्यांना सहभागी करून घेण्याचे उद्दिष्ट ठेवले आणि जनुकांबरोबरच वस्ती, भेदभाव, मानसिक ताण यांचाही विचार त्यात अंतर्भूत केला. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात या कर्करोगाच्या दीड लाखांहून अधिक रोग्यांची तपासणी होऊन धोक्याशी निगडित असे ४५१ बदल नोंदविण्यात आले. त्या रोग्यांत आफ्रिकी वंशाचे पुरुष सुमारे १९ हजार होते. आठांत एकाच्या आसपास हे प्रमाण समाधानकारक म्हणता येणार नाही. परंतु १९९६ च्या मानाने ही मजल लहान नव्हे.

आता दुसऱ्या पक्षाचे म्हणणे ऐकले पाहिजे, कारण त्यात तथ्य आहे. रक्तात दोष सापडला, की समाजाचा दोष झाकण्याची सोय होते. ‘त्यांच्या जनुकांतच ते आहे’ असे म्हटले, की रुग्णालयांची वाण, विम्याचा अभाव, उशिरा होणारे निदान आणि डॉक्टरांची उपेक्षा यांची चर्चा आपोआप थांबते. वस्तुतः २०१९ साली तीन लाखांहून अधिक रोग्यांच्या नोंदींवरून झालेला अभ्यास या बाबतीत डोळ्यांत अंजन घालणारा आहे. रोगाची अवस्था सारखी असताना आणि माजी सैनिकांच्या सरकारी आरोग्यव्यवस्थेत किंवा औषधांच्या नियमबद्ध चाचण्यांत सारखाच उपचार मिळाला असताना, कृष्णवर्णीय पुरुषांचे या रोगाने होणारे मृत्यू गोऱ्यांपेक्षा अधिक आढळले नाहीत. याचा अर्थ उघड आहे. रोग होण्याच्या शक्यतेत वारशाचा हात असेल. पण झालेल्या रोगाने मरण ओढवण्यात समाजव्यवस्थेचा हात मोठा आहे. रोग जडण्याचे कारण एक आणि प्राण जाण्याचे कारण दुसरे, हा भेद ध्यानात घेतला तर दोन पक्षांतील निम्मे भांडण मिटते.

पण म्हणून आनुवंशिक संशोधन अनावश्यक ठरते, असे मानणेही तेवढेच चुकीचे. पुराव्याचा अभाव हा सुद्धा अन्यायाचाच एक प्रकार आहे. पीएसए नावाच्या रक्ततपासणीचे उदाहरण घ्यावे. ही तपासणी सरसकट करावी की करू नये, हे ठरविण्यासाठी अमेरिकेत जी मोठी चाचणी झाली, तिच्यातील कृष्णवर्णीय पुरुषांचे प्रमाण होते सुमारे चार टक्के. अशा पुराव्याच्या आधारे तज्ज्ञांच्या राष्ट्रीय मंडळाने २०१२ साली नियमित तपासणीविरुद्ध सल्ला दिला. २०१८ साली तो सौम्य करून ५५ ते ६९ वयाच्या पुरुषांनी डॉक्टरांशी विचारविनिमय करून निर्णय घ्यावा, असे त्याने म्हटले. कृष्णवर्णीय पुरुषांचा धोका अधिक असल्याचे मंडळाने मान्य केले. तथापि पुरेसा पुरावा नसल्यामुळे त्यांच्यासाठी वेगळी शिफारस करता येत नसल्याचेही त्याने कबूल केले. ज्याला सल्ल्याची सर्वाधिक गरज, त्याच्याच वाट्याला मौन! संशोधनातून वगळले जाण्याची ही किंमत आहे, आणि ती आकडेमोडीत दिसत नाही एवढेच. डेट्रॉइटमधील ४५ वर्षांच्या ज्या माणसाचे वडील व काका या रोगाने गेले, त्याला वंशवादावरचे व्याख्यान नको असते. आपण केव्हा तपासून घ्यावे, आपल्या मुलाला काय सांगावे, याचे नेमके उत्तर त्याला हवे असते. ते उत्तर त्याच्यासारख्या माणसांच्या अभ्यासातूनच मिळू शकते.

तेव्हा संशोधन हवे की नको, हा प्रश्नच चुकीचा आहे. खरा प्रश्न संशोधनाच्या अटींचा आहे. पहिली अट अशी की, जो रक्त देतो त्याला निष्कर्ष कळला पाहिजे, त्याच्या भाषेत आणि त्याच्या हयातीत. बाल्टिमोरच्या रुग्णालयात १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या शरीरातील पेशी तिच्या अनुमतीवाचून घेतल्या गेल्या, त्या पेशींवर जगभरचे संशोधन पोसले गेले, आणि तिच्या वारसांशी एका मोठ्या कंपनीने तडजोड केली ती २०२३ साली. हे ऋण फेडण्यास ७० वर्षांहून अधिक काळ लागावा, ही लाजिरवाणी गोष्ट होय. दुसरी अट संरक्षणाची. अमेरिकेत २००८ साली झालेल्या कायद्याने आनुवंशिक माहितीच्या आधारे नोकरीत वा आरोग्यविम्यात भेदभाव करण्यास बंदी घातली. आयुर्विमा मात्र त्या कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिला. ज्या घरात कर्ता पुरुष अकाली जाण्याचे भय आहे, त्या घराला आयुर्विम्याचीच गरज सर्वांत अधिक. आणि नेमके तेच दार उघडे ठेवलेले नाही. तिसरी अट उपचारांची. ब्राका-२ सारख्या जनुकांत दोष असलेल्या प्रगत रोग्यांसाठी नव्या प्रकारची औषधे २०२० पासून अमेरिकेत मान्य झाली आहेत. ज्यांच्या रक्तावरून धोक्याचे नकाशे तयार व्हायचे, त्यांना ती औषधे परवडत नसतील, तर त्या नकाशांचा त्यांना उपयोग काय?

महाराष्ट्राला हा सारा विषय सातासमुद्रापलीकडचा वाटण्याचे कारण नाही. महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ सिद्ध केला, तेव्हा तो त्यांनी कृष्णवर्णीयांच्या दास्यमुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला होता. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिच्या नावामागेही अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लढ्याची प्रेरणा होती. दोन समाजांच्या दुःखांतील हे साम्य मराठी मनाने फार पूर्वी ओळखलेले आहे. शिवाय ज्या सिकलसेलच्या तपासणीत अमेरिका चुकली, तो विकार विदर्भात आणि नंदुरबार, गडचिरोलीच्या आदिवासी भागांत घरोघरच्या चिंतेचा विषय आहे. त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम २०२३ च्या जुलैमध्ये सुरू झाली असून सात कोटी लोकांची तपासणी करण्याचा तिचा संकल्प आहे. संकल्प स्तुत्य आहे. पण तपासणीचे कार्ड हातात पडलेल्या मुलीला, आपण रोगी नसून वाहक आहोत, हे कोणी नीट समजावून सांगणार आहे काय? की त्या कार्डामुळे तिचे लग्न मोडणार आहे? गावातल्या शिक्षकाला, ग्रामपंचायतीच्या लिपिकाला हा भेद कळला, तर अमेरिकेतील चुकीची पुनरावृत्ती टळेल. नाही तर मोहीम यशस्वी होऊनही माणसे दुखावतील.

कोणताही समाज जेव्हा शास्त्राकडे पाठ फिरवितो, तेव्हा त्याच्या अज्ञानाला दोष देण्याची सुशिक्षितांची सवय आहे. टस्कीगीपासून हॉवर्डपर्यंतचा हा प्रवास सांगतो की, पाठ आधी कोणी फिरविली, हे तपासून पाहिले पाहिजे. अविश्वास हाही एक वारसा आहे. तोही पित्याकडून पुत्राकडे जातो. मात्र जनुकांतील वारसा माणसाच्या हाती नसतो, आणि हा वारसा त्याच्या हाती असतो. प्रामाणिक वागणुकीच्या एका पिढीने तो पुसत जाऊ शकतो, आणि एका फसवणुकीने पुन्हा ठळक होऊ शकतो. कृष्णवर्णीय अमेरिकन कुटुंबांनी एवढे सोसूनही रक्त देण्यासाठी हात पुढे केला, हे त्यांचे औदार्य आहे. त्या हातावर काही ठेवल्यावाचून तो रिकामा परत पाठविण्याचा अधिकार यापुढे कोणत्याही शास्त्राला, आणि कोणत्याही सरकारला, राहिलेला नाही.